चार बोटं वर, चार बोटं खाली

"मावशी, आईला सांग, सायकल विकायची नाही."

बंगळुरूला ताईच्या दारात मी चपला काढते न काढते तोच भाच्याने मला आपल्या बाजूला ओढून घेतलं. त्याच्या डाव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर होतं. मनगटाचं हाड मोडलेलं. चहा होईपर्यंत ताईची बाजूही ऐकायला मिळाली. "तुझं तो ऐकतो, तूच सांग त्याला. पुढच्या वर्षी दहावी आहे. हे सर्कशीचे खेळ आता पुरे झाले." भाऊजी पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं, पण बोलले काही नाहीत. त्या घरात याचा अर्थ, मत ताईच्या पारड्यात पडलं, असा होतो.

सर्कशीचा खेळ म्हणजे ट्रायल्स. सायकलवर उभं राहायचं, बसायचं नाही. मागच्या चाकावर उड्या मारत एका दगडावरून दुसऱ्यावर, तिथून ओंडक्यावर, तिथून कठड्यावर जायचं. वेगाचा इथे संबंध नाही. पाय जमिनीला लागता कामा नये, एवढीच अट. स्पर्धेत एकेक टप्पा पार करायला साधारण दोन मिनिटं मिळतात आणि पाय टेकला की दंड. वीस इंची चाकांच्या स्पर्धेच्या सायकलींना तर सीटच नसते.

ताईच्या मनात या खेळाची गल्लत दुसऱ्याच एका प्रकाराशी झाली होती. बंगळुरूच्या मोठ्या रस्त्यांवर रात्री पुढचं चाक हवेत उचलून स्कूटर पळवणाऱ्या मुलांच्या बातम्या ती वाचते. पोलीस गुन्हे नोंदवतात, गाड्या जप्त करतात. "हाही त्याच वाटेने चाललाय" अशी तिची धास्ती. मी तिला एवढंच म्हटलं की तो प्रकार भर रहदारीत, वेगात चालतो. आणि तुझा मुलगा इमारतीच्या तळमजल्यावर गाड्यांच्या मागे, तीन विटांच्या ओट्यावर चढायला तासभर धडपडतो. यात स्कूटर कुठे आली?

पण एक प्रश्न माझ्याही डोक्यात राहिला. हा मुलगा चपळ आहे, सहा महिने नेमाने सराव करतोय. मग दर वेळी पाठीवरच का पडतो? "पुढचं चाक एक तर उचललंच जात नाही, नाही तर उचललं की मी सरळ मागे," तो म्हणाला. "मधलं काही सापडतच नाही."

वडिलांनी मुलासाठी केलेला उद्योग

या खेळाचा जन्म स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतातला. पेरे पी हे मोंतेसा या मोटरसायकल कारखान्याचे नावाजलेले स्वार. दगडधोंड्यांतून मोटरसायकल नेण्याचा खेळ तिकडे आधीपासून होता. त्यांच्या लहान मुलाला, ओट पीला, वडिलांसारखंच करायचं होतं, पण मोटरसायकलचं वय नव्हतं. वडिलांनी त्याच्या सायकलवर प्रयोग सुरू केले. त्यातून सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आणि ऐंशीच्या सुरुवातीला मुलांसाठी खास सायकली निघाल्या. सुरुवातीला खेळाचं नाव होतं 'ट्रायलसीन', म्हणजे इंजिनाविना ट्रायल. पुढे पेरे पी यांनी 'मॉंटी' नावाने सायकलींचा स्वतंत्र उद्योग उभारला आणि ओट जागतिक विजेता झाला. सांगायचा मुद्दा असा की पहिल्या दिवसापासून या खेळात मुलाइतकीच सायकलही घडवावी लागली आहे. बाजारातली कुठलीही सायकल उचलली आणि दगडावर चढवली, असं तिथेही चाललं नाही.

आमच्या भाच्याला हे वेड लावलं ते मात्र स्कॉटलंडच्या डॅनी मॅकॅस्किलने. एडिनबरोच्या एका सायकल दुकानात काम करणाऱ्या या तरुणाची शहरभर केलेल्या करामतींची फिल्म एप्रिल 2009 मध्ये प्रसिद्ध झाली आणि जगभर पाहिली गेली. त्यात तो टोकदार गजांच्या कुंपणावरून सायकल चालवतो. भाच्याने मला ती पहिल्याच संध्याकाळी दाखवली. मी अर्धी डोळे मिटून पाहिली. ताई स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही.

आता बंगळुरू म्हणजे खरं तर दगडांचंच शहर. लालबागेतला तो प्रचंड खडक सुमारे तीनशे कोटी वर्षांपूर्वीचा मानतात. तो राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक असल्याने त्याच्यावर सायकल नेण्याचा विचारही नको. पण पन्नासेक किलोमीटरवर रामनगर आहे. 'शोले'मधला गब्बरचा अड्डा ज्या शिळांमध्ये होता, ते हे गाव. कॅटलोनियातल्या लोकांना या शिळा पाहून हेवा वाटावा. आपल्याकडे या खेळाची सायकल मात्र दुकानात सहजी दिसत नाही. ज्यांना हवी ते परदेशातून मागवतात, किंवा कुणी येणारा-जाणारा घेऊन येतो.

अशी एक सायकल आम्हाला सापडली. भाच्याच्या ओळखीतला एक तरुण, मूळचा बेळगावचा, आता जयनगरला राहून संगणकाच्या कंपनीत नोकरी करतो. रविवारी सकाळी आम्ही तिघं, म्हणजे मी, भाचा आणि केवळ माझ्यावर लक्ष ठेवायला आलेली ताई, त्याच्याकडे गेलो. ताईने पिशवीत शिवणकामाची टेप टाकली होती. का टाकलीस म्हणून विचारलं तर म्हणाली, "तुम्ही सगळे उंची, उंची करताय, मग मोजा तरी."

टेपने केलेला उलगडा

तर ही उंची कशाची? सायकलच्या फ्रेमच्या तळाशी, जिथे पायडलांच्या क्रँक दोन्ही बाजूंनी जोडलेल्या असतात, तिथे एक आडवं नळकांडं असतं. आत छर्रे आणि एक आस. दुकानदार त्याला नुसतं 'बी.बी.' म्हणतात, म्हणजे बॉटम ब्रॅकेट. सायकलवर उभ्या राहिलेल्या माणसाचं वजन मुख्यतः इथेच येतं. त्यामुळे हा बिंदू कुठे आहे, यावर सायकल कशी वागणार हे पुष्कळसं ठरतं.

ताईने टेप लावली. भाच्याच्या डोंगरी सायकलचा बी.बी. घरून निघतानाच मोजला होता : जमिनीपासून 31 सेंटिमीटर. बेळगावकराच्या वीस इंची ट्रायल्स सायकलचा भरला 32. फरक फक्त एक सेंटिमीटर!

"हे बघ," ताई विजयी मुद्रेने म्हणाली, "म्हटलं ना, सायकलचा काही दोष नाही."

बेळगावकर हसला. "ताई, आता चाकाच्या आसाची उंची मोजा की."

मोजली. भाच्याच्या सायकलची चाकं मोठी. त्यांचा आस, म्हणजे ज्या दांडीभोवती चाक फिरतं ती, जमिनीपासून 34 सेंटिमीटरवर. ट्रायल्स सायकलची चाकं लहान, त्यांचा आस 25 वर. म्हणजे भाच्याच्या पायांखालचा बिंदू चाकांच्या आसांपेक्षा 3 सेंटिमीटर खाली, आणि या सायकलचा 7 सेंटिमीटर वर. जमिनीपासून उंची जवळजवळ सारखी, पण एक सायकल माणसाला दोन चाकांच्या मधे झोपाळ्यासारखी टांगून घेते आणि दुसरी त्याला चाकांच्या वर फळीवर उभं करते. बी.बी. वर आहे की खाली हे जमिनीवरून नव्हे, आसावरून ठरवायचं, ही या सगळ्यातली किल्ली. दुकानात उभं राहून नुसत्या नजरेने हे कळत नाही.

पण आसाच्या वर-खाली असल्याने होतं काय?

मागच्या चाकावर उभं राहायचं तर शरीराचा भार त्या चाकाच्या टेकणीच्या बरोबर वर यावा लागतो. पुढचं चाक उचललं की सगळी सायकल मागच्या आसाभोवती फिरते आणि तिच्याबरोबर पायही फिरतात. बी.बी. आसाच्या वर असेल तर पुढचं चाक उचलायला सुरुवात केल्यापासूनच पाय वर आणि भराभर मागे येऊ लागतात. बी.बी. आसाच्या खाली असेल तर पहिल्यांदा ते जवळजवळ नुसते वरच जातात, मागे येतच नाहीत. अगदी सुरुवातीला तर किंचित पुढेच सरकतात. सायकल बरीच तिरपी झाल्यावर कुठे ते मागे येऊ लागतात आणि तोवर माणूस हिसका मारून बसलेला असतो.

बेळगावकराने कागदावर हिशेब मांडला. सायकल 40 अंश वर उचलली, असं धरा. भाच्याच्या सायकलवर, तिचा मागचा भागही लांब असल्याने, पाय अजून मागच्या आसाच्या 35 सेंटिमीटर पुढे राहतात. ट्रायल्स सायकलवर तेवढ्याच तिरकेपणात ते 22 वर आलेले असतात. या 13 सेंटिमीटरांतला मोठा वाटा मागच्या भागाच्या लांबीचा आहे, हेही त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. पण लांबी तीच ठेवून नुसता बी.बी. आसाच्या रेषेवरून 7 सेंटिमीटर वर नेला तरी पाय 5 सेंटिमीटर जवळ येतात.

ताईला मी तिच्याच भाषेत सांगितलं. भरलेली बादली अंगाजवळ धरून नेणं आणि हात लांब करून नेणं यात जो फरक, तो हा. हात लांब करून बादली उचलायची तर हिसका द्यावा लागतो, आणि हिसका दिला की पाणी सांडतं. इथे पाण्याच्या जागी मुलगा सांडतो, मागे, हात टेकून. मनगट मोडतं ते असं.

ताई गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे हा सहा महिने चुकीच्या सायकलवर..." आणि वाक्य पुरं केलं नाही. मला वाटतं, त्या क्षणी तिला मुलाचा नाही, स्वतःचाच राग आला होता. प्रत्येक वेळी तो पडला की "तुझं लक्षच नसतं" असं ती म्हणत आली होती.

मग सगळ्याच सायकली उंच का नाहीत?

माझा हा बाळबोध प्रश्न बेळगावकराला आवडला. उंच उभं राहिलं की सपाटीवरून पळताना आणि वळताना सायकल बिचकते. उतारावर ब्रेक दाबला तर भार जितका उंच तितकं पुढे कोलमडणं सोपं. म्हणून शर्यतीच्या रस्त्यावरच्या सायकलींचा बी.बी. आसांच्या रेषेखाली सुमारे 7 सेंटिमीटर असतो, ट्रायल्सच्या बरोबर उलट. चार बोटं खाली आणि चार बोटं वर. डोंगरउतारांच्या सायकलीही खालीच बसवतात, पण खडकांवर पायडल आपटू नये म्हणून अगदी खाली नेता येत नाही. ही ओढाताण मिलिमीटरांत चालते. पुण्यात विनय मेनन आणि प्रवीण प्रभाकरन यांनी 'सायनाइड' या नावाने डोंगरी सायकलींच्या फ्रेम घडवायचं धाडस केलं, तेव्हा त्यांनाही असेच मिलिमीटर मोजत रात्री घालवाव्या लागल्या असणार.

ट्रायल्समध्येही सगळे एका उंचीवर नाहीत. जुन्या सायकलींचे बी.बी. आसाच्या जवळपास असत. मागच्या चाकावरच्या उड्या जशा खेळाचा मुख्य भाग झाल्या तसे ते वर सरकत गेले. मॅकॅस्किलसारखे स्वार मात्र 24 इंची चाकांवर बी.बी. आसाच्या बराच जवळ ठेवतात, कारण त्यांना मागच्या चाकावर उड्या मारायच्या असतात तसं वेगात उतरायचं आणि गिरक्याही घ्यायच्या असतात. उंच बी.बी.वर हे सारं अवघडल्यासारखं होतं, असं चालवणारे सांगतात.

"उंचावर तोल जास्त जात नाही का?" ताईची शंका. या बाबतीत आपला अंदाज थोडा फसतो. लांब काठी तळहातावर उभी तोलणं सोपं, पेन्सिल अवघड. कारण उंच वस्तू सावकाश कलते आणि सावरायला वेळ देते. अर्थात माणसाच्या उंचीपुढे सात सेंटिमीटर म्हणजे काहीच नव्हे. खरा फरक पाय आणि आस यांच्या नात्याचाच.

आणखी एक गोष्ट मला त्या दिवशी कळली. आपल्या वडिलांच्या काळातल्या काळ्या, 28 इंची सायकलींचा बी.बी. आसाच्या खाली पाचेक सेंटिमीटर असे. त्या खडबडीत रस्त्यावरही डुलत, संथ, दुधाच्या किटल्या लटकवून कशा जात, त्याचं एक कारण हे. आणि दांड्याखालून पाय घालून हाफ पायडल मारणारी आपल्यासारखी मुलं त्या उंच सायकलवरही कशी टिकत, याचंही थोडं उत्तर इथे असावं. लेकीसाठी किंवा स्वतःसाठी सायकल घ्यायला गेलात तर दुकानदार सीटची उंची दाखवतो. बी.बी.ची उंचीही विचारा. सीट पायाला योग्य इतकी वर केल्यावर सिग्नलला पाय टेकतो की नाही, हे बी.बी. जमिनीपासून किती उंच आहे त्यावरच ठरतं. फार खाली असला तर वळताना किंवा मोठ्या गतिरोधकावर पायडल घासेल. फार वर असला तर पाय टेकायला प्रत्येक वेळी सीटवरून उतरावं लागेल.

वेल्डिंगचा बेत

उलगडा झाला खरा, पण त्यातून एक नवंच संकट निघालं. परतीच्या वाटेवर भाचा म्हणाला, "म्हणजे माझ्या फ्रेमचा बी.बी. कापून वर जोडला की झालं!"

मोठे टायर लावून चालणार नाही, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. टायर मोठे केले की आस आणि बी.बी. दोन्ही सारखेच वर जातात, नातं तेच राहतं. लांब चिमटा बसवला तर पुढची बाजू उचलली जाते, बी.बी. थोडासाच वर येतो आणि हँडल भलतंच सुस्त होतं. हे नातं फ्रेम घडवतानाच ठरतं. म्हणून कापायचा बेत.

भाऊजींच्या ओळखीच्या एका जुन्या मेकॅनिककडे गेलो. चाळीस वर्षं सायकली दुरुस्त करणारा माणूस. त्याने फ्रेमला बोटाने टिचकी मारली आणि मान हलवली. अॅल्युमिनियम. लोखंडी फ्रेमसारखा हा धातू गल्लीत वेल्ड करून सोडता येत नाही. वेल्डिंगच्या आचेने आजूबाजूचा भाग मऊ पडतो. कारखान्यात अशा फ्रेम वेल्ड केल्यावर पुन्हा भट्टीत ठराविक तापमानाला ठेवून त्यांची ताकद परत आणतात. "जोड दिसायला छान दिसेल," तो म्हणाला, "आणि एक दिवस हा मुलगा हवेत असताना तुटेल. मी नाही करणार. दुसरा कुणी करत असेल तर त्यालाही करू देऊ नका." त्याने तपासणीचे पैसेही घेतले नाहीत. असे कारागीर शहरात किती उरले असतील कोण जाणे.

वाट त्यानेच सुचवली. जुनी बी.एम.एक्स. बघा. वीस इंची चाकं, मागचा भाग आखूड, फ्रेम दणकट, आणि बी.बी. आसाच्या चार-साडेचार सेंटिमीटर वर. अस्सल ट्रायल्स सायकल ती नव्हे. ट्रायल्समध्ये फ्री व्हील मागच्या चाकाऐवजी पुढे क्रँकवर असतं. गिअर हलका, पुढे 18 दाते तर मागे 12, म्हणजे अर्ध्या पायडलात सायकल उसळावी. आणि मॅगुरासारखे तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक चाक जागच्या जागी गोठवतात. बी.एम.एक्स.चे ब्रेक त्या मानाने अगदीच कमजोर. पण मागच्या चाकावर उभं राहायला शिकायचं तर परदेशी सायकलच्या किमतीपुढे हा सौदा शहाणपणाचा.

रात्री जेवताना भाऊजी पहिल्यांदा बोलले. "डोंगरी सायकल विकून टाकू." भाच्याचा चेहरा उतरला. "त्या पैशात जुनी बी.एम.एक्स. येते का बघू. पण हेल्मेट, मनगटाचे पट्टे आणि दहावीचं वेळापत्रक, तिन्ही आधी."

ताईने त्यांच्याकडे पाहिलं. सव्वीस वर्षांच्या संसारात पेपर न वाचता ते इतकं सलग बोलल्याचं तिच्या तरी आठवणीत नव्हतं.

मे महिन्यात मी पुन्हा बंगळुरूला गेले. प्लास्टर निघून बरेच महिने झाले होते. हाडाच्या डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच सराव सुरू झाला होता, तोही रोज फक्त अर्धा तास. तळमजल्यावर, खांबापासून लांब, फरशीवर खडूने एक रेघ मारलेली. रंग उडालेली लाल बी.एम.एक्स. रेघेवर उभी. भाच्याने ब्रेक आवळला, गुडघे वाकवले आणि पुढचं चाक उचललं. हिसका दिल्यासारखं काही दिसलं नाही. कुणी उंबरठ्यावरून पाट उचलावा तसं ते वर आलं.

"एक," जिन्यातून आवाज आला. ताई हातातलं पीठ न धुताच खाली आली होती.

"दोन... तीन... चार..."

पाचव्या उडीला त्याचा पाय टेकला.

"काल सात झाल्या होत्या," ती मला म्हणाली. आणि त्याला म्हणाली, "मागचा टायर बघ, हवा कमी वाटते."